आहुपे घाटाने आलेला बातमीदार

युद्धवार्ताहर म्हटले की आपल्याला 1854 सालचे क्रिमियाचे युद्ध आणि लंडनच्या 'टाइम्स'चा विल्यम हॉवर्ड रसेल आठवतो. पण परक्या मुलखात लढाईच्या सीमेपर्यंत जायचे, दिसेल ते टिपायचे आणि मायदेशी पत्राने कळवायचे हे काम वृत्तपत्रांहून जुने आहे. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या वाट्याला असा एक लेखक 1675 सालीच आला होता. तो पेशाने डॉक्टर होता. नाव जॉन फ्रायर.

केंब्रिजची वैद्यकीची पदवी घेतलेला हा तरुण 1672 च्या अखेरीस इंग्लंडहून ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत निघाला आणि मच्छलीपट्टण, मद्रास करीत मुंबईला पोहोचला. त्याचा ग्रंथ आठ लांबलचक पत्रांचा आहे. 'पत्र' हा निव्वळ लेखनप्रकार नव्हे; दूर बसलेल्या वाचकाला आपण काय सांगतो आहोत याचे भान त्या मजकुरात सतत जाणवते. रायगडावरच्या राज्याभिषेकाची हकीकत त्याने दिली आहे, परंतु ती हेन्री ऑक्झिंडेनच्या वकिलातीवरून घेतलेली. फ्रायर स्वतः रायगडावर गेलेला नव्हता. जुन्नरला मात्र तो स्वतःच्या पायांनी आला, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे.

जुन्नरच्या मोगल सुभेदाराकडून, मुखलिस खानाकडून, मुंबईला डॉक्टरची मागणी आली. घरातील एक स्त्री आजारी होती. 1675 च्या एप्रिलअखेर फ्रायर ठाण्याच्या खाडीतून कल्याणला गेला आणि तेथून मुरबाडच्या वाटेला लागला. ऐन उन्हाळा, आणि मुलूख शिवाजी महाराजांच्या अमलातला. खरा रस्ता नाणेघाटाचा. पण वाट चुकून ही मंडळी दक्षिणेला सरकली आणि आहुपे घाटाच्या पायथ्याशी आली. खोपिवलीकडून आहुप्याला एकदा तरी चढून गेलेल्या वाचकाला त्या चुकीची किंमत वेगळी सांगायला नको. ओझेवाल्यांना घेऊन, वैशाखाच्या उन्हात, त्या कड्याला भिडायचे म्हणजे काय होते हे फ्रायरने रंगवून लिहिले आहे.

माथ्यावर पोहोचल्यावर त्याला जे दिसले त्यासाठी मी हे पान पुन्हा पुन्हा वाचतो. खेडे दरिद्री, माणसे उपाशी, विकत घ्यावे म्हटले तर धान्य नाही. हा आजच्या आंबेगाव तालुक्याचा पश्चिम भाग. घोड नदी इथूनच उगम पावते आणि जुन्या आंबेगावावरून खाली जाते. ते जुने गाव आता डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. या पट्ट्याबद्दल बखरीत काही नाही. फर्मानांत आणि सनदांत गावे येतात ती वसुलाच्या आकड्यांपुरती. तिथल्या माणसांच्या चुलीची अवस्था सांगणारा समकालीन कागद म्हणून फ्रायरचा मजकूर हाती उरतो.

पण फ्रायर या दारिद्र्याचे खापर शिवाजी महाराजांच्या करवसुलीवर आणि फौजेवर फोडतो. इथे आपल्याकडे दोन पंथ पडतात. एक फ्रायरला द्वेष्टा ठरवून ग्रंथ मिटून टाकतो. दुसरा त्याचे वाक्य उचलून पुरावा म्हणून नाचवतो. दोन्हींत वाचनाचा आळस आहे असे मला वाटते. फ्रायर ज्या कंपनीचे मीठ खात होता तिची राजापूरची वखार मराठ्यांनी 1661 मध्ये लुटली होती आणि भरपाईचे घोंगडे वर्षानुवर्षे भिजत पडले होते. ज्याच्याकडे तो पाहुणा म्हणून चालला होता तो मोगल सुभेदार. तेव्हा त्याने लावलेले कारण तपासूनच घ्यावे लागते. डोळ्यांनी पाहिलेली भूक मात्र खोटी ठरवता येत नाही. सरहद्दीवरच्या रयतेचे काय होते हे महाराजांनाही ठाऊक होते. फ्रायर येण्याच्या एक-दोन वर्षे आधी चिपळूण भागातल्या छावणीतील अंमलदारांना त्यांनी लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. वैरण जपून वापरा, रयतेच्या घरून दाणा, भाकरी, गवत, भाजी उचलू नका, नाहीतर याहून मोगल बरे असे लोक म्हणतील, हा त्याचा आशय. असे बजावावे लागत होते, यातच सगळे आले.

जुन्नरला फ्रायरची आधी परीक्षा झाली. पडद्याआडून जो हात पुढे आला तो रोग्याचा नव्हता, धडधाकट दासीचा होता. नाडी पाहून त्याने ही व्यक्ती निरोगी असल्याचे सांगितले, तेव्हा कुठे खऱ्या रुग्णाचा हात आला. पुढे एकदा रक्त काढताना पडदाच खाली पडला आणि जनान्यातल्या बायका न पळता, बोटांच्या फटींतून या गोऱ्या हकिमाकडे पाहत राहिल्या. हा प्रसंग गमतीचा म्हणून सांगितला जातो. मला त्यात फ्रायरची सवय दिसते: पुढे केलेल्या हातावर विश्वास ठेवण्याआधी तो नाडी बघतो.

तीच नजर त्याने मोगली फौजेवर फिरवली. सुभेदाराच्या नावावर कागदोपत्री जितके स्वार, तितके प्रत्यक्षात नाहीत. फरकाचा पैसा कोठे मुरतो हे त्याला कळले. लढाई संपावी अशी सरदारांची इच्छाच नाही. दख्खन ही शिपायांची भाकर आहे अशी म्हणच पडल्याचे तो नोंदवतो. औरंगजेबाच्या दरबारी वाकेनवीस होते, हरकारे होते, रोजच्या रोज अखबार जात होते. पण असे काही लिहिण्यात त्यांना जो धोका होता, तो या पाहुण्याला नव्हता. बाहेरच्या बातमीदाराचा खरा उपयोग इथे दिसतो.

शिवनेरीवरही त्याला जायला मिळाले. 1630 साली जिथे महाराजांचा जन्म झाला तो किल्ला 1637 पासून मोगलांकडे होता आणि महाराजांच्या हयातीत तो स्वराज्यात आला नाही. हजार कुटुंबांना सात वर्षांचा वेढा काढता येईल इतका साठा गडावर असल्याचे फ्रायर सांगतो. हा आकडा त्याला किल्ल्यावरच्यांनीच ऐकवला असणार, तेव्हा त्यातली फुशारकी वजा करावी. किल्लेदार अब्दुल अझीझ खान हा मूळचा ब्राह्मण. महाराजांनी त्याला फितवण्याचा प्रयत्न केला, त्याने पैसे घेतले, दिवस ठरवला आणि मोगल सेनापतीला आधीच कळवून मराठी स्वारांना सापळ्यात आणले, ही कथा फ्रायरमुळे आपल्यापर्यंत आली. जदुनाथ सरकारांनी ती स्वीकारली. जिंकणाऱ्या पक्षाच्या तोंडून ऐकलेली हकीकत आहे एवढे लक्षात ठेवून मीही ती स्वीकारतो.

एक गोष्ट मात्र फ्रायरला जुन्नरात बसून दिसणे शक्य नव्हते. त्याच महिन्यांत महाराजांनी मोगल सुभेदार बहादूरखानाशी तहाची बोलणी लावली होती आणि त्या आडोशाने एप्रिल-मे 1675 मध्ये फोंड्याचा किल्ला घेतला. बोलणी खरी की खोटी याचा उलगडा मोगलांना पावसाळ्यात झाला. सीमेवर उभा असलेला बातमीदार सीमाच पाहतो. डाव दुसरीकडे चाललेला असतो.

मुखलिस खानाला व्यापाराची आस होती. मुंबईचा माल घाटावर जुन्नरला का येत नाही, हा त्याचा प्रश्न. मध्ये शिवाजी आहे, वाट त्याची आहे, हे उत्तर. सातवाहनांच्या काळापासून जकात गोळा करणाऱ्या नाणेघाटानेच फ्रायर मे महिन्यात खाली उतरला, आणि योग्य वाट किती सोपी होती हे त्याला तेव्हा कळले.

पुढे तो कारवार, गोवा, मग इराण असे फिरून 1682 मध्ये इंग्लंडला परतला. पत्रे छापली गेली 1698 मध्ये. तोवर महाराज जाऊन अठरा वर्षे झाली होती. औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला होता, त्याच वर्षाच्या आरंभी जिंजी पडली आणि राजाराम महाराज तिथून निसटून महाराष्ट्रात आले. लंडनच्या वाचकाने जुन्नरची हकीकत उघडली तेव्हा तेच युद्ध अजून चालू होते, आणि शिवनेरी अजूनही मोगलांकडेच होता.