पेशींतर्गत वाहतुकीच्या प्रथिनांचा वंशेतिहास

दृश्यकेंद्रकी पेशीच्या अंतरंगात पटलांनी वेढलेले अनेक कप्पे असतात आणि एका कप्प्यातील द्रव्य दुसऱ्यात नेण्याचे काम पटलापासूनच सुटणाऱ्या सूक्ष्म पुटिका करतात. पुटिका कोठून सुटावी, कोठे जावी व कोणत्या पटलात मिसळावी, हे ठरविणाऱ्या प्रथिनांचा इतिहास गेल्या चार-पाच दशकांत उलगडत गेला. प्रस्तुत लेखकाचा विषय भाषाशास्त्र होय, जीवरसायन नव्हे. तथापि ह्या प्रथिनांच्या पूर्वरूपांचा शोध ज्या रीतीने झाला ती रीत तौलनिक भाषाशास्त्राच्या अभ्यासकास परिचित आहे. त्या शोधात जो भ्रम काही काळ टिकून राहिला, तोही परिचितच आहे.

स्वादुपिंडाच्या पेशीत प्रथिने कोणत्या मार्गाने बाहेर पडतात हे जॉर्ज पॅलाडे यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने दाखविले आणि १९७४ साली त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. मार्ग कळला, पण त्यावरचे कर्ते अज्ञात राहिले. ते शोधण्यासाठी बर्कली येथे रँडी शेकमन व त्यांचे विद्यार्थी पीटर नोव्हिक यांनी यीस्टची निवड केली. २५ अंश तापमानात सुरळीत वाढणारी, परंतु ३७ अंशांवर स्राव अडून राहणारी उत्परिवर्ती वाणे त्यांनी वेगळी केली. अशा पेशींची घनता वाढते एवढ्या साध्या गुणावरून ती निवडता आली, ही युक्ती मला विशेष आवडते. १९८० पर्यंत अशा २३ जनुकांचा पत्ता लागला. इकडे जेम्स रॉथमन सस्तन प्राण्यांच्या पेशींतील रसायन परीक्षानळीत चालवून पाहत होते. त्यांनी शुद्ध केलेले एक प्रथिन आणि यीस्टमधील 'सेक-१८' जनुकाचे प्रथिन ही एकाच मुळाची आहेत, हे १९८९ साली सिद्ध झाले. दोन भिन्न वाटांनी निघालेले संशोधक एकाच ठिकाणी पोहोचले. शेकमन, रॉथमन व थॉमस झ्यूडॉफ यांना २०१३ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते योग्यच होय.

परंतु ह्या मेळातून एक अनुमान नकळत रूढ झाले. यीस्ट आणि मनुष्य यांच्यात जे समान, ते सर्व दृश्यकेंद्रकी जीवांत समान. आणि दोहोंत जे नाही, ते मुळातही नसावे. यातील दुसरा भाग ग्राह्य नाही. प्राणी आणि कवके ही वंशवृक्षाच्या एकाच शाखेवरची भावंडे आहेत. त्यांच्या एकमताने त्या शाखेच्या पूर्वजाविषयी साक्ष मिळते. सर्वांच्या पूर्वजाविषयी मिळतेच असे नाही.

भाषाशास्त्रात हे एकदा घडून गेले आहे. संस्कृत 'अस्ति' आणि अवेस्ती 'अस्ति' यांत अकार आहे. ग्रीकमध्ये 'एस्ति', लॅटिनमध्ये 'एस्त'. ऑगस्ट श्लायखर यांच्या काळी मूळ भाषेतही अकारच मानला जाई आणि ग्रीक-लॅटिनमधील एकार मागाहून आला असे समजत. १८७० नंतरच्या दशकात तालव्यीभवनाच्या नियमाने हे उलटे ठरले. 'चकार' ह्या रूपात पहिल्या अक्षरी 'च' आणि दुसऱ्या अक्षरी 'क' का? पहिल्या अक्षरात पूर्वी एकार होता, त्याने ककाराचा चकार केला, आणि मग तो स्वतः अकारात विलीन झाला. स्वर गेला, खूण राहिली. संस्कृत व अवेस्ती यांचे एकमत केवळ त्यांच्या शाखेचे होते.

'एपी' नावाच्या प्रथिनसंकुलांचा इतिहास याच वळणाचा आहे. पुटिकेत कोणता माल भरावा हे ही संकुले निवडतात. यीस्टमध्ये ती तीन आहेत. एकट्या यीस्टवरून पूर्वजाला तीनच संकुले होती असे म्हणावे लागले असते. मानवी पेशींत चौथे १९९९ साली आणि पाचवे २०११ साली आढळले. ती अन्य दूरच्या शाखांतही असल्यामुळे मूळचीच ठरली. पुढे २०१४ साली डिक्टिओस्टेलियम ह्या अमीबासदृश जीवात आणि ॲराबिडॉप्सिस ह्या मोहरीच्या कुळातील वनस्पतीत याच घराण्याशी नाते सांगणारे आणखी एक संकुल सापडले. त्याला 'टीसेट' असे नाव आहे. अनेक दूरस्थ शाखांत ते विखुरलेले असल्याने त्याचे प्राचीनत्व निर्विवाद आहे. प्राण्यांत व कवकांत मात्र ते लोपले. तरी पूर्णपणे नव्हे: 'म्युनिसिन' नामक प्रथिने त्याचाच एक तुटलेला अवशेष होत. 'चकार' मधील 'च' सारखीच ही खूण आपल्या पेशींत होती. वनस्पती व अमीबा पाहिल्यावाचून ती वाचता आली नाही.

साम्य येथवरच ताणावे. पुटिकेला तिचे गंतव्य दाखविणारी 'रॅब' प्रथिने पाहिली की भाषाशास्त्राची उपमा अपुरी पडते. एका जनुकाच्या दोन प्रती व्हाव्यात, दोन्ही टिकाव्यात आणि प्रत्येकीने निराळ्या कप्प्याची जबाबदारी घ्यावी, असे येथे वारंवार घडले आहे. कप्प्यांची विविधता अशा द्विगुणनातूनच वाढली, असे जोएल डॅक्स व मार्क फील्ड यांनी २००७ साली मांडले. २०१२ च्या एका विश्लेषणात सर्व दृश्यकेंद्रकींच्या शेवटच्या समाईक पूर्वजाला २३ पर्यंत रॅब असावेत असा निष्कर्ष निघाला. यीस्टमध्ये आज याच्या निम्म्याच्या आसपास आहेत. साध्यापासून गुंतागुंतीकडे, ही क्रमविकासाची सोपी कल्पना येथे टिकत नाही. यीस्टचा साधेपणा बव्हंशी गमावलेपणाचा आहे.

ह्या पूर्वजाच्याही मागे जाण्याचा मार्ग २०१५ साली उघडला. ग्रीनलंड व नॉर्वे यांमधील समुद्रतळाच्या गाळातून मिळालेल्या जनुकद्रव्यात दृश्यकेंद्रकींना जवळचे असे आर्किया दिसून आले. त्यांना नॉर्स पुराणातील लोकीचे नाव मिळाले, आणि २०१७ मध्ये त्यांच्या साऱ्या आप्तगणाला अस्गार्ड म्हटले गेले. पुटिकांच्या आवरणातील व वाहतुकीतील काही प्रथिनांशी जुळणारे घटक ह्या गणात आहेत. जपानी संशोधकांनी बारा वर्षे खपून त्यातील एक जीव प्रयोगशाळेत वाढविला व २०२० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याच्या पेशीतून लांब, फाटे फुटलेले तंतू बाहेर आलेले दिसतात. आत मात्र पटलांचे कप्पे नाहीत. वाहतूक अस्तित्वात नसताना तिच्या साधनांचे पूर्वज त्या पेशीत कोणते काम करीत असतील, हा प्रश्न आता प्रयोगाच्या आवाक्यात आला आहे.