आठवण आणि इतिहास

इतिहासाच्या अभ्यासकास जुन्या माणसांच्या आठवणींचा मोह फार. जें डोळ्यांनीं पाहिलें व ज्याची झळ स्वतःस लागली तें मनुष्य विसरत नाहीं, अशी आपली समजूत असते. ती कितपत खरी, हें पाहण्यास गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ फार उपयोगी आहे.

वरसईचे विष्णुभट गोडसे घरच्या कर्जामुळें दक्षिणेच्या आशेनें १८५७ सालीं उत्तरेस निघाले आणि बंडाच्या धुमाळींत सांपडले. चिंतामणराव वैद्य यांच्या आग्रहावरून त्यांनीं हा वृत्तांत लिहिला तो सुमारें पंचवीस वर्षांनीं. छापून निघाला १९०७ सालीं. इतक्या काळानंतर काय उरलें? झांशीच्या वेढ्यांतील भय, जीव मुठींत धरून काढलेले दिवस, पुनःपुन्हां लुटली गेलेली मिळकत, आणि काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशीं भेटलेली तहानलेली राणी लक्ष्मीबाई. ज्या गोष्टीनें भटजींच्या काळजास चटका लाविला ती टिकली. बंडाच्या कारणांविषयीं ते जें सांगतात तें मात्र ऐकीव. त्याची योग्यता निराळी.

तर मग टिकलेली आठवण तंतोतंत खरी मानावी काय? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ नाय्सर यांचा अनुभव तसें म्हणूं देत नाहीं. २८ जानेवारी १९८६ रोजीं ‘चॅलेंजर’ हें अंतराळयान फुटून सात जण मृत्यु पावले. ही वार्ता आपणांस कोठें व कशी कळली, हें नाय्सर यांनीं दुसऱ्याच दिवशीं आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलें. सुमारें अडीच वर्षांनीं त्यांतील ४४ जणांस तेंच पुन्हां विचारलें. ११ जणांचें सांगणें पहिल्या लेखाशीं कोठेंच जुळेना. तरी चुकणाऱ्यांपैकीं कित्येकांस आपल्या आठवणीची पक्की खात्री होती! म्हणजे भावनेच्या जोरानें प्रसंग मनांत राहतो, परंतु त्याचा तपशील नकळत बदलूं शकतो. आणि खात्री ही सत्याची खूण नव्हे.

विहिरीचा तो प्रसंग आम्ही अनेक वर्षें वर्गांत सांगत आलों आहों, व पुढेंहि सांगूं. फरक इतकाच कीं, लढायांच्या तारखा व क्रम आम्ही समकालीन कागदपत्रांस विचारतों. कर्जांत बुडालेल्या एका भिक्षुकास त्या धामधुमींत काय सोसावें लागलें, हें मात्र भटजींसच विचारावें लागतें. तें सरकारी दप्तरांत सांपडावयाचें नाहीं.