गोर बंजारा समाज (जालना जिल्हा)

बैलांच्या पाठीवरून धान्य व मीठ वाहून नेण्याच्या व्यवसायातून घडलेला आणि गोरबोली या समान भाषेने बांधला गेलेला समाज. मराठवाड्यात त्यास लमाण असेही म्हणतात. जालना जिल्ह्यात मंठा, परतूर, घनसावंगी, अंबड इ. तालुक्यांत त्याचे तांडे, म्हणजे गावापासून काहीशा वेगळ्या वसलेल्या वस्त्या, आढळतात.

समाजाची परंपरा आपले मूळ राजस्थानात सांगते आणि गोरबोलीचे राजस्थानी बोलींशी असलेले साम्य तिला पुष्टी देते. मोगल फौजांच्या दक्षिणेतील मोहिमांना रसद पुरवीत अनेक तांडे दख्खनमध्ये आले. या मालवाहतुकीस लदेणी म्हणत. नायक व कारभारी हे तांड्याचे प्रमुख असून लग्नसंबंध समाजातच, परंतु राठोड, पवार, चव्हाण, जाधव इ. कुळांच्या मर्यादा पाळून, जुळविले जात. त्यामुळे दूरदूरचे तांडे सोयरिकीने जोडलेले राहिले.

स्थलांतर व भाषा यांतून समाज घडण्याची प्रक्रिया आफ्रिकेतील बांटू भाषिकांतही दिसते. आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमाप्रदेशातून काही हजार वर्षांपूर्वी निघालेले हे गट मध्य, पूर्व व दक्षिण आफ्रिकेत पसरले, तेथे स्थिरावले आणि त्यांच्या भाषेच्या शेकडो निरनिराळ्या भाषा होऊन स्वतंत्र समाज उदयास आले. बंजाऱ्यांचा प्रवास अलीकडचा असून भ्रमंती व सोयरिकीमुळे त्यांचा परस्परसंपर्क टिकला. म्हणून मराठी, तेलुगू व कन्नड शब्द स्वीकारूनही गोरबोलीची मूळ घडण कायम राहिली. या बोलीस स्वतंत्र लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात. ग्रिअर्सन यांनी भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या नवव्या खंडात तिची नोंद घेतली, तर 2011 च्या जनगणनेत लंबाडी या नावाने ती हिंदीखाली मोजली गेली.

पक्के रस्ते व 1900 च्या सुमारास जालन्याला आलेली रेल्वे यांमुळे लदेणी संपुष्टात येऊन तांडे स्थायिक झाले. कोरडवाहू शेती व मजुरी ही उपजीविकेची साधने बनली, तरी स्थलांतर थांबले नाही. अनेक कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी बाहेर पडतात.

संत सेवालाल महाराज हे समाजाचे आराध्य असून वाशीम जिल्ह्यातील पोहरादेवी हे त्याचे प्रमुख श्रद्धास्थान आहे. बोली व कुळव्यवस्था एकच असतानाही या समाजाचा समावेश तेलंगणात अनुसूचित जमातींत, कर्नाटकात अनुसूचित जातींत आणि महाराष्ट्रात विमुक्त जातींत होतो.