स्पाइक मिलिगन: नगरला जन्मलेला विनोदी लेखक आणि कवी

स्पाइक मिलिगन (जन्म: १६ एप्रिल १९१८, अहमदनगर, आताचे अहिल्यानगर, निधन: २७ फेब्रुवारी २००२, इंग्लंड) हे रेडिओ व टीव्हीवरील इंग्रजी विनोदी कार्यक्रमांचे लेखक, नट आणि कवी. मूळ नाव टेरेन्स अ‍ॅलन. ते मराठी नव्हते, तरी त्यांची नोंद येथे घेण्यास आम्हाला कारण आहे. जन्म एका मुलखात आणि आयुष्य दुसऱ्या, म्हणजे नेमके आपण कुठले, हा प्रश्न सुरतेत दोन-तीन पिढ्या काढलेल्या आपल्या घरांना नवा नाही. मिलिगन यांना तो जन्मभर पुरला.

बालपण
इंग्रजांनी १६१३ च्या सुमारास आपल्या सुरतेत वखार घातली. पुढे तीनशे वर्षांनी त्यांच्या छावण्या देशभर पसरल्या होत्या. मिलिगन यांचे आयरिश वडील लिओ हे ब्रिटिश फौजेच्या तोफखान्यात होते. मुलाचे बालपण पुण्यात आणि नंतर रंगूनमध्ये गेले. पुण्यात ते कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी या शाळेत शिकले. १९३३ मध्ये कुटुंब इंग्लंडला परतले, पण पंधरा वर्षांच्या मुलासाठी ते परतणे नव्हते; तो देश त्याला नवाच होता.

रेडिओ आणि टीव्ही
दुसऱ्या महायुद्धात ते तोफखान्यात भरती झाले. १९४४ मध्ये इटलीच्या आघाडीवर जखमी झाले आणि त्या धक्क्याने मनही खचले. युद्धानंतर पीटर सेलर्स, हॅरी सीकोम्ब आणि मायकेल बेंटाइन यांच्यासह त्यांनी बीबीसी रेडिओवर 'द गून शो' सुरू केला. १९५१ ते १९६० या काळात चाललेल्या या कार्यक्रमाचे बहुतेक लेखन मिलिगन यांचे होते, काही वेळा सहलेखकांबरोबर केलेले. आठवड्याला एक नवी संहिता देण्याचा ताण त्यांना झेपला नाही. १९५२ च्या अखेरीस त्यांना रुग्णालयात दाखल करावे लागले. अतिउत्साह आणि खोल नैराश्य यांचे हेलकावे पुढे आयुष्यभर राहिले. या आजाराविषयी ते उघडपणे बोलत, आणि त्या काळी असे बोलणारे फार थोडे होते.

१९५६ मध्ये टीव्हीवर 'अ शो कॉल्ड फ्रेड' आला. १९६९ मध्ये बीबीसीवर 'क्यू फाइव्ह' सुरू झाला. प्रहसनाचा शेवट हशा पिकवणाऱ्या वाक्यानेच व्हावा, हा नियम त्यांनी तेथे मोडला. प्रवेश मध्येच सोडून पात्रे सरळ दुसरीकडे निघून जात. त्याच वर्षी सुरू झालेल्या 'माँटी पायथन' मंडळींनी हे ऋण मान्य केले आहे.

कविता
१९५९ मध्ये 'सिली व्हर्स फॉर किड्स' हा बालकवितांचा संग्रह निघाला. त्यातील 'ऑन द निंग नँग नाँग' ही निरर्थक शब्दांच्या नादावर चालणारी कविता १९९८ मध्ये ब्रिटनची सर्वात आवडती विनोदी कविता ठरली. 'अडम तडम'वर वाढलेल्या आपल्या मुलांना तिची गंमत अर्थ न सांगताही कळेल. मोठ्यांसाठीचा 'स्मॉल ड्रीम्स ऑफ अ स्कॉर्पियन' (१९७२) मात्र वेगळा आहे. त्यात विनोदाचा आडोसा नाही. एकटेपण, आजार आणि माणसाने चालवलेला निसर्गाचा नाश यांवरच्या छोट्या, सरळ कविता आहेत. टीव्हीवर जे बोलता येत नव्हते ते त्यांनी येथे लिहिले, असे आम्हाला वाटते.

आक्षेप
हिंदी माणसाच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल 'गून शो'मध्ये नेहमी असे. १९६९ च्या 'करी अँड चिप्स' या जॉनी स्पाइट लिखित मालिकेत मिलिगन यांनी चेहरा रंगवून आयरिश-पाकिस्तानी कामगाराची भूमिका केली. सहा भागांनंतर मालिका बंद करण्यात आली. वंशद्वेषाची टर उडवणे हा हेतू सांगितला गेला, तरी हसू बहुधा परक्या माणसालाच येत होते. स्वतः परकेपण भोगलेल्या लेखकाच्या हातून हे व्हावे, हे त्यांच्या चाहत्यांनाही खटकते.

नागरिकत्व आणि अखेर
१९६० च्या दशकाच्या आरंभी ब्रिटनचे कायदे बदलले. हिंदुस्थानात जन्मलेल्या आणि वडील आयरिश असलेल्या मिलिगन यांचे नागरिकत्व त्यामुळे अडचणीत आले. ज्या देशासाठी लढून जखमी झालो, त्याच्याशी निष्ठेची शपथ पुन्हा का घ्यायची, म्हणून त्यांनी ती नाकारली. १९६२ मध्ये ते आयर्लंडचे नागरिक झाले.

ससेक्समधील विंचेल्सी येथील चर्चच्या आवारात त्यांची कबर आहे. मी आजारी आहे हे तुम्हाला सांगितले होते, अशा अर्थाचे वाक्य तिच्यावर आयरिश भाषेत कोरले आहे. इंग्रजीत ते कोरायला चर्चची परवानगी मिळाली नव्हती.