साखर कोण फोडतं?

पावाला जाळी पडते ती यीस्टमुळे, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण यीस्ट नेमकं करतं काय, यावरून युरोपातले दिग्गज साठ वर्षं भांडत होते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं!

जमाखर्च तसा आधीच लागला होता. साखर फुटून अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड होतो, हे लाव्हाझियेने १७८९ सालीच वजनं करून मांडलं होतं. आजच्या आकड्यांत, १८० ग्रॅम ग्लुकोजपासून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. हा वायू खोलीच्या तापमानाला जवळजवळ ४८ लिटर जागा व्यापतो! थोडक्यात, इनपुट आणि आउटपुट माहीत होतं. मधला डबा मात्र बंद.

१८३७ च्या सुमारास पॅरिसमध्ये कान्यार द ला तूर, जर्मनीत श्वान आणि क्यूट्झिंग अशा तिघांनी स्वतंत्रपणे सांगितलं, की यीस्ट जिवंत आहे. झालं, रसायनवाले खवळले. १८३९ मध्ये लीबिगच्या नियतकालिकात एक निनावी टवाळी छापून आली: यीस्ट म्हणे इवलाले प्राणी, ते साखर खातात, मागून अल्कोहोल सोडतात आणि मुततात वायू! लिहिणारे होते व्होलर आणि खुद्द लीबिग.

पुढे पाश्चर जिवंतपणाच्या बाजूने उतरला. साखर, अमोनियाचा क्षार आणि यीस्टची राख एवढ्यावर यीस्ट वाढतं आणि साखर आंबवतं, हे त्याने १८६० मध्ये दाखवलं. लीबिगचं म्हणणं, ही शेवटी रासायनिक क्रियाच.

लीबिग १८७३ मध्ये गेला, पाश्चर १८९५ मध्ये. निकाल लागला १८९७ मध्ये. एडुआर्ड बुखनरने यीस्ट वाळूत घोटून, दाबून रस काढला. तो टिकावा म्हणून त्यात साखर घातली, तर बुडबुडे यायला लागले! एकही जिवंत पेशी नसताना. १९०७ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याला मिळालं.

म्हणजे जिंकलं कोण? माझ्या मते दोघंही अर्धे. साखर फोडणारी एन्झाइम्स पेशीबाहेरही काम करतात, पण ती बनवते जिवंत पेशीच. ग्लुकोजपासून अल्कोहोलपर्यंत बारा पायऱ्या, वायू सुटतो अकराव्या पायरीवर. यीस्टला हवी असते फक्त ऊर्जा. वायू हा तिचा टाकाऊ माल.

म्हणजे त्या टवाळखोरांनी चेष्टेत लिहिलेलं बरंचसं खरंच निघालं की!