विद्यार्थ्याची खोली : बारा नंबरच्या लेण्यापासून आजच्या वसतिगृहापर्यंत



जून महिना उजाडला की आपल्या अजिंठ्याच्या बसथांब्यावर एक दृश्य हमखास दिसते. बारावी पास झालेला एखादा मुलगा, त्याच्या पायाशी पत्र्याची पेटी आणि वळकटी, शेजारी उभे असलेले वडील. सिल्लोड, फुलंब्रीमार्गे नव्वद-शंभर किलोमीटरवर छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचे औरंगाबाद. कॉलेज ठरलेले असते, फीची तजवीज कशीबशी झालेली असते. “राहायची सोय कुठे केलीत?” असे विचारले तर वडील म्हणतात, “तिथे गेल्यावर बघू.”

हा लेख त्या “बघू” या शब्दाविषयी आहे.

मी स्वतःही असाच “बघू” म्हणत शहरात गेलो होतो. बाजारपेठेत एका दुकानावरची पत्र्याची खोली आम्ही सहा मुलांनी भाड्याने घेतली. भाडे कमी, एवढाच तिचा गुण. खिडकी नव्हती, नळाला चार दिवसांआड पाणी येई आणि रात्री अकरापर्यंत खालचा गोंगाट चाले. एकाला झोपायचे असेल तर दुसऱ्याला दिवा मालवावा लागे. त्या वर्षी माझे दोन विषय राहिले. घरी मी सांगितले, “पेपर अवघड होते.” पेपर अवघड नव्हते. पुढच्या वर्षी वसतिगृहात जागा मिळाली आणि तोच मी, तीच पुस्तके घेऊन पास झालो. तेव्हापासून इतिहास वाचताना माझ्या मनात एक प्रश्न राहिला आहे. आपल्या आधीच्या लोकांनी शिकणाऱ्या माणसाच्या राहण्याचा विचार कसा केला होता? उत्तर शोधायला फार दूर जावे लागत नाही. ते आपल्या घाटाखालीच आहे.

अजिंठ्याची लेणी आपण चित्रांसाठी दाखवतो. पाहुणा आला की एक, दोन, सोळा, सतरा नंबरची लेणी दाखवून परत फिरतो. बारा नंबरच्या लेण्यात चित्रे नाहीत, म्हणून तिथे कोणी थांबत नाही. पुढच्या वेळी जरूर थांबा. इसवी सनापूर्वीच्या काळात कोरलेला हा विहार आहे. मध्ये चौकोनी दालन आणि त्याच्या तीन बाजूंना चार-चार अशा बारा खोल्या. प्रत्येक खोलीत दोन दगडी शय्या. भिंतीवर ब्राह्मी लिपीत एक छोटा लेख आहे. हे दान घनामदड नावाच्या व्यापाऱ्याचे, असे तो सांगतो.

आता शिक्षकाच्या नजरेने हा नकाशा पाहा. खोलीत दोघे जण, सहा नव्हेत. एकट्याला एकांत हवा तर खोली आहे, चर्चा हवी तर समोर दालन आहे. शेजारीच प्रार्थनेचे चैत्यगृह, खाली वाघोरा नदीचे पाणी. जागा वस्तीच्या कोलाहलापासून दूर आहे, पण फार दूरही नाही. उत्तर-दक्षिण व्यापाराची वाट जवळून जात होती आणि त्या वाटेवरच्या व्यापाऱ्यांच्या दानावर विहार चालत होते. बांधणाऱ्याने आधी राहणाऱ्याच्या दिवसाचा विचार केला आणि मग छिन्नी उचलली. भिक्षूंचे हे निवासस्थान आजच्या अर्थाने विद्यार्थी वसतिगृह नव्हते, हे खरे. पण अध्ययन करणाऱ्यांसाठी मुद्दाम कोरलेली खोली ती हीच.

तिथून आपण बिदरला जाऊ. आज बिदर कर्नाटकात आहे, पण 1956 पर्यंत ते आणि आपला मराठवाडा एकाच हैदराबाद राज्यात होते. इराणच्या गिलान प्रांतातून आलेला महमूद गवान हा बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याने 1472 मध्ये बिदर शहरात मदरसा बांधला. तीन मजली इमारत, मधोमध मोठा चौक, मशीद, व्याख्यानांची दालने, ग्रंथालय, विद्यार्थ्यांसाठी 36 खोल्या आणि शिक्षकांसाठी वेगळी निवासस्थाने. दर्शनी भिंतीवर रंगीत चिनी मातीच्या फरशांची नक्षी. ती थोडीफार अजून शिल्लक आहे.

गवानने ही इमारत शहराबाहेरच्या माळावर बांधली नाही, हे लक्षात घ्या. चौबाऱ्याकडून किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, भर वस्तीत बांधली. मग गोंगाटाचे काय? खोल्यांची तोंडे आतल्या चौकाकडे आणि रस्त्याकडे जाड भिंत. म्हणजे शहराच्या मध्यभागी राहणे वाईट नाही. शहर थेट उशाशी येणे वाईट. शिवाय त्याने शिक्षकांना विद्यार्थ्यांच्या सोबत ठेवले. संध्याकाळी अडलेला प्रश्न सकाळपर्यंत अडून राहू नये, याची ही सोय होती. 1481 मध्ये दरबारी कारस्थानात गवानला मृत्युदंड झाला. पुढे मोगल अमलात 1696 मध्ये स्फोट होऊन इमारतीचा बराच भाग कोसळला. त्या वेळी तिथे दारूगोळा साठवलेला होता, असे इतिहासकार सांगतात. जिथे पुस्तके होती तिथे दारू ठेवली की काय होते, हे मुलांना वेगळे समजावण्याची गरज नाही.

आता आपल्याच शहरात या. पाणचक्की पाहायला आपण सहल नेतो. मुले हौदातले मासे पाहतात आणि परततात. पण ही चक्की कोणासाठी फिरत होती? हजरत बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरात फकीर, वाटसरू आणि मदरशाचे विद्यार्थी राहत. त्यांच्यासाठी पीठ दळायला अठराव्या शतकात ही चक्की उभी राहिली. डोंगराकडचे पाणी जमिनीखालच्या मातीच्या नळांतून इथे आणले, उंचावर चढवले आणि त्याच्या पडण्याच्या जोरावर जाते फिरवले. शिकणाऱ्याच्या ताटात भाकरी पडावी म्हणून आमच्या शहराने नदीपलीकडे एवढी खटपट केली होती. वसतिगृह म्हणजे खोली अधिक भाकरी, हा धडा पाणचक्की देते.

अलीकडच्या काळात हा विचार सर्वांत मोठ्या प्रमाणावर केला तो कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी. खेड्यातला मुलगा हुशार असूनही शहरात राहायला जागा नाही म्हणून शिकत नाही, हे त्यांनी ओळखले. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघाले. मग जैन, लिंगायत आणि इतर अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू झाले आणि त्याचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. 1908 मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. मुस्लिम बोर्डिंग आजही कोल्हापूरच्या दसरा चौकात, शहराच्या ऐन मध्यभागी आहे. गरिबांच्या मुलांसाठी महाराजांनी उरलेसुरले कोपरे शोधले नाहीत.

कोल्हापुरात अशा वसतिगृहात राहिलेला एक विद्यार्थी पुढे कर्मवीर भाऊराव पाटील झाला. त्यांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह काढले. 1927 मध्ये महात्मा गांधींच्या उपस्थितीत त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. मुले स्वतः कामे करीत, स्वयंपाक करीत. एकदा धान्य संपले तेव्हा कर्मवीरांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रसुद्धा, मोडायला दिले. वसतिगृहाचा खरा पाया कशाने भरतो, ते यावरून कळते.

आणि आपल्या शहरातले नागसेनवन! मराठवाड्यात उच्च शिक्षणाची सोय अगदी तुटपुंजी होती, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1950 मध्ये इथे कॉलेज सुरू केले. आज आपण त्याला मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखतो. 1951 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. कॉलेजबरोबरच वसतिगृहे उभी राहिली. कारण येणारा विद्यार्थी खेड्यातला होता आणि त्या काळी शहरात त्याला खोली कोण देणार होते? जात विचारून दार लावणारे घरमालक होते. धर्म विचारून दार लावणारे आजही आहेत, हा अनुभव आपल्यापैकी अनेकांनी घेतला आहे. म्हणून समाजाचे वसतिगृह ही चैन नव्हे. जिथे नाव सांगताना घसा कोरडा पडत नाही, असे ते दार आहे.

पालक बंधू-भगिनींनो, हा इतिहास सांगण्यामागे हेतू आहे. शहराच्या मध्यवस्तीत आता विद्यार्थ्यांसाठीच म्हणून बांधलेल्या इमारती दिसतात. काही संस्थांच्या आहेत, काही शासनाच्या, काही निव्वळ धंद्याच्या. रंगीत पाटी पाहून भुलू नका आणि भाडे पाहून घाबरूही नका. जुन्या बांधणाऱ्यांनी जे पाहिले ते पाहा.

पहिले, एका खोलीत किती जण? बारा नंबरच्या लेण्यात दोन होते. तुमच्या मुलाच्या खोलीत सहा असतील तर तिथे फक्त झोपता येईल. दुसरे, कॉलेज आणि ग्रंथालय पायी किती मिनिटांवर आहे? लांबची स्वस्त खोली रिक्षाच्या भाड्यात महाग पडते. तिसरे, पाणी. ते रोज मिळते का, हे व्यवस्थापकाला विचारू नका. तिथे राहणाऱ्या मुलाला विचारा. चौथे, स्वयंपाकघर स्वतः पाहा, तेही जेवणाच्या वेळी. पाचवे, रात्री जबाबदार असा कोणी गृहपाल तिथे राहतो का? सहावे, आग लागली तर बाहेर पडायला दुसरा जिना आहे का? शेवटचे, अनामत रकमेची पावती मिळते का आणि ती परत केव्हा मिळेल हे लेखी आहे का? शासनाच्या अल्पसंख्याक विकास विभागानेही वसतिगृहे बांधली आहेत. त्यांची चौकशी निकालानंतर नव्हे, निकालाच्या आधी करा. जागा मोजक्या असतात.

एक गोष्ट मुलींच्या पालकांसाठी. माझ्या वर्गातली एक मुलगी बारावीला चांगल्या गुणांनी पास झाली. तिच्या वडिलांचा शिक्षणाला विरोध नव्हता. ते मला म्हणाले, “मास्तर, कॉलेजला ना नाही. पण रात्री ती कुठे असेल, ते सांगा.” माझ्याकडे त्या दिवशी उत्तर नव्हते. शोधायला लागेपर्यंत प्रवेशाची मुदत संपली. मुलगी आज घरी आहे. तिचे शिक्षण गरिबीने थांबले नाही, रूढीनेही थांबले नाही. एका खोलीने थांबले. दोष वडिलांचा नाही. मार्च महिन्यातच उत्तर तयार ठेवले नाही, तो दोष माझा.

अलीगढला सर सय्यद अहमद खान यांनी वसतिगृहाच्या खोल्या बांधताना देणगीदारांची नावे दगडावर कोरली. आपल्या घनामदडचे नावही दगडावर आहे. दोन हजार वर्षांत राजे आले आणि गेले, त्यांतल्या कित्येकांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. पण एका व्यापाऱ्याने शिकणाऱ्यांना बारा खोल्या दिल्या, हे आपण आजही वाचू शकतो. समाजात ज्यांना अल्लाहने दिले आहे त्यांनी यावर विचार करावा. लग्नाच्या एका मांडवाचा खर्च वाचला तर एका खोलीचे छप्पर होते.

विद्यार्थी मित्रहो, यंदा बसथांब्यावर वडील “तिथे गेल्यावर बघू” म्हणाले, तर त्यांना अदबीने सांगा, “अब्बा, आधी बघून येऊ.” बसचे भाडे दोनदा पडेल. माझ्या दोन विषयांपेक्षा ते स्वस्तच आहे.