भाडेपावती कोणाच्या नावावर?

लिफ्टने वर जाणाऱ्या आपल्या मुलांना सांगून खरं वाटत नाही, पण याच जागेवरच्या चाळीत आमच्या खोलीचं भाडं महिना साडेअकरा रुपये होतं. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडी १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली होती. भाडेकरूला सहजासहजी काढता येईना, आणि तेवढ्या भाड्यात मालकाला चुना लावणंही परवडेना. १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आणि उपकर आले. मग जिन्याखाली टेकू लागले, ते कायमचेच.

मालक वारले तेव्हा मागे तीन मुलगे, एक मुलगी, मृत्युपत्र नव्हतं. चौघांच्याही नोटिसा आल्या : भाडं फक्त मलाच द्या! आम्ही मनीऑर्डर करायचो, ती परत यायची. तरी पावत्या जपून ठेवल्या, कारण भाडं थकलं की दावा लागणार हे सगळ्यांना पाठ होतं. १९९१ च्या विकास नियमावलीत ३३(७) आलं : ७० टक्के भाडेकरूंची संमती, प्रत्येकाला किमान २२५ चौरस फूट. आमच्या सह्या महिन्याभरात झाल्या. मालकांच्या चार सह्यांना सहा वर्षं लागली. तोवर पावसाळ्यात रात्री कोणी गाढ झोपत नसे.

हा इतिहास आपण दर वार्षिक सभेत सांगतो. दुसरा मात्र सांगत नाही.

मूळ भाडेकरू वारला की त्याच्यासोबत राहणारा घरातला माणूस भाडेकरू. एकमत नसेल तर कोर्ट ठरवणार, असा कायदा. सोबत राहणारा! अहो, दहा बाय बाराच्या खोलीत दोन भावांचे संसार मावत नव्हते, म्हणूनच तर एक जण बाहेर पडायचा. आमचे काका असेच डोंबिवलीला गेले. आजोबांचं आजारपण, खोलीची लादी, दोन्हींचा निम्मा खर्च त्यांनी उचलला होता. नव्या जागेच्या करारावर नाव लागलं ते फक्त वडिलांचं. कायद्याने ते बरोबरच होतं. काकांनी दावा लावला नाही; गणपतीला येणं तेवढं बंद केलं. वडिलांनीही बोलावणं धाडलं नाही, हेही लिहायला हवं.

मालकांच्या थोरल्या मुलाला जिन्यात अडवून आम्ही हावरट म्हटलं होतं. म्हणणाऱ्यांत मी पुढे होतो.

अंकासाठी जुनी फाइल काढली, तेव्हा शेवटची भाडेपावती सापडली. नाव आजोबांचंच; ते कोणी बदललंच नव्हतं. तिची झेरॉक्स काकांच्या मुलाला पाठवली आहे. सोबत रौप्यमहोत्सवाचं आमंत्रणही.